वरच्या फळीवरचं पातेलं

आबा, परवा तुमच्या नावाने अख्खं चर्च पोट धरून हसलं आणि मला शिसारी आली. शिसारी हा शब्द मी विचार करून लिहितेय. नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, लोकांच्या ओकाऱ्या उचलल्या, सडलेल्या जखमा धुतल्या आणि त्यानंतर हात धुऊन डबाही खाल्ला. मला सहसा कशाची किळस येत नाही. पण परवा चर्चच्या वर्धापनदिनाचं जेवण मी तसंच पानात ठेवून उठले. धुळ्याहून आईला एसटीत बसवून धरणगावला नेलं होतं, कारण पत्रिकेवर तुमचं नाव होतं आणि ती म्हणाली, जाऊ या. तिला पहिल्या रांगेत बसवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. मग तुमच्या वेळचे सेक्रेटरी उठले. तेच, भुसावळला रेल्वेत कारकून होते ते. आता तोंडात दात राहिले नाहीत, पण माईक काही सुटत नाही. ते म्हणाले, आपले जुने पाळकसाहेब म्हणजे हसत हसत स्वर्गाला नेणारा माणूस. आणि त्यांनी ती तिखट प्रभुभोजनाची गोष्ट सुरू केली. आई माझ्या शेजारी हार सांभाळत बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

ती गोष्ट मी तुम्हाला पुन्हा सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, मला कशाला सांगतेस, मी तिथेच होतो. होतात ना. म्हणूनच सांगतेय.

आपल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर एक जर्मनचं पातेलं असायचं. आईने ते जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारून ठेवलेलं असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला भाकरीबरोबर द्राक्षारस लागायचा, म्हणून आदल्या शनिवारी संध्याकाळी ते खाली उतरायचं. काळ्या मनुका दुपारपासून भिजत घातलेल्या असायच्या. त्या साखर घालून उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या, झाला आपला द्राक्षारस. धरणगावच्या बाजारात त्यासाठी दुसरं काय मिळणार होतं? त्या पातेल्यात कधी दूध तापलं नाही की चहा झाला नाही. आणि आई त्यातलं कधी चाखायची नाही. मी म्हणायचे, गोड झालंय का बघ तरी. ती म्हणायची, "प्रभूच्या मेजावर जाण्याआधी जिभेला लावायचं नाही." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या आजीने आयुष्यभर देवाचा नैवेद्य तसाच केला असेल, पुढे देव बदलला, हात तेच राहिले. मला तेव्हाही ते आवडायचं. आजही मला विचारलं की भक्ती कशी दिसते, तर मला आईचं ते न चाखणं दिसतं.

त्या शनिवारी दुपारी चर्चच्या पंचमंडळींची बैठक आपल्याकडे होती. सेक्रेटरींनी निरोपच पाठवला होता, "पाळकीणबाई, आज शेवभाजी झाली पाहिजे, चांगली झणझणीत." बैठकीला येणार होते पाच-सहाजण, आले दुप्पट. फुकटच्या रश्श्याला खानदेशात माणसं कमी पडत नाहीत. आई चुलीपाशी घामाघूम होऊन भाकरी थापतेय, बाहेर ओसरीवर तुमचा आवाज आणि त्यावर हसण्याचे लोंढे. तुम्ही स्वतः वाढत होतात. लोक म्हणत, बघा, पाळक असून स्वतः वाढतात. सगळं घर काळ्या मसाल्याच्या वासाने भरलं होतं, उशा-पांघरुणांनाही तो वास. संध्याकाळी आईने फळीवरून पातेलं उतरवलं, मनुका उकळल्या. तिच्या नाकाला वेगळं काही कळण्यासारखं नव्हतं आणि जिभेला तर तिने लावलंच नाही.

रविवारी तुम्ही नेहमीसारखं सांगितलं की सर्वांनी प्याले हातात धरावेत आणि मिळून प्यावं. मला ते अजून दिसतंय. बारीक बारीक काचेचे प्याले, सगळ्यांचे डोळे मिटलेले, एकदम सगळ्या माना मागे जातात. गिळवत नाही आणि थुंकायची सोय नाही, कारण ते प्रभूचं रक्त आहे हे आत्ताच तर तुम्ही सांगितलेलं. सेक्रेटरींच्या टकलावर घाम फुटतो. बायका पदराने नाक पुसतात. सगळ्यात मागे बसणारी ती शेतावरची म्हातारी अक्का चांगल्या मोठ्या आवाजात म्हणते, "माय वं, आज हाई तिखट लागी राह्यनं." तुम्हाला ठसका लागलेला. तो आवरून तुम्ही म्हणालात, "प्रभूला वधस्तंभावर शेवटच्या घटकेला लोकांनी आंबट ढाण आंब पाजली. आपल्याला नुसतं तिखट मिळालंय. गिळा आणि आभार माना." काय हसले लोक. मीही हसले, भाऊ हसला, फक्त आई उठून मागच्या दाराने घरी गेली.

तुमच्यासारखा पाळक पंचक्रोशीत नव्हता, हे मी आजही नाकारत नाही. सेक्रेटरी प्रार्थनेला उभे राहिले की त्यांची प्रार्थना मनमाडहून निघून इटारसीपर्यंत जायची. तुम्ही एकदा डोळे मिटूनच म्हणालात, "भाऊ, भुसावळच्या बातम्या देवाला तुमच्याआधी कळतात, आता आमेन म्हणा, चहा निवतोय." लोक रविवारची वाट बघायचे. तुम्ही म्हणायचात, ज्या देवाने उंट घडवला त्याला हसण्याचं वावडं असेल कसं? मला ते पटायचं. अजूनही पटतं. देवासमोर तोंड पाडून बसलं म्हणजे भक्ती होते असं मला वाटत नाही. म्हणून तर जास्त चीड येते, आबा. तुम्ही त्याच हसण्याचं काय करून टाकलंत बघा.

दुपारी पंच पुन्हा जमले. तीच माणसं, आदल्या दिवशी ढेकर देऊन गेलेली. सेक्रेटरी म्हणाले, मेजाची विटंबना झाली आहे, असं हसण्यावारी नेऊन चालणार नाही, तुमच्या बदलीसाठी वर लिहावं लागेल. आईला बोलावलं. "पाळकीणबाई, चाखून बघितलं नव्हतं का?" ती म्हणाली, "मेजावर जायच्या आधी मी चाखत नाही." तर सेक्रेटरी म्हणाले, "हा काय नैवेद्य आहे? अजून जुनं सुटलं नाही वाटतं." तुम्ही तिथे बसला होतात. तुम्ही काही बोलला नाहीत. ठरलं असं की पुढच्या रविवारी तिने मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागावी, म्हणजे वर काही कळवायला नको. ती उभी राहिली. तिची ती करड्या काठांची साडी, हात बांधलेले. "माझ्या हातून चूक झाली, मंडळीने क्षमा करावी." एवढंच बोलली. मग तुम्ही उठलात आणि म्हणालात, "मंडळीहो, तुम्हाला एका घोटाने घाम फुटला. मी लग्नापासून रोज या हातचं गिळतोय, माझ्यासाठीही जरा प्रार्थना करा." चर्चचं छप्पर उडेल असे हसले लोक. सेक्रेटरी तर डोळे पुसत होते. बदली टळली. आई खाली बसली आणि गाण्याचं पुस्तक उघडून बघत राहिली.

त्यानंतर प्रभुभोजनाचा ट्रे तिच्यापुढे आला की ती तो पुढे सरकवायची. तुमच्या हातून आला तरी. द्राक्षारस करायचं काम सेक्रेटरींच्या बायकोकडे गेलं. ते पातेलं आईने बोहारणीला देऊन टाकलं. घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. मला वाटायचं, बिचारीला स्वतःच्या चुकीची लाज वाटते.

मग भुसावळ स्टेशन. मी नर्सिंगला होते, सुट्टी संपवून परत निघाले होते आणि तुम्ही पोहोचवायला आला होतात. गाडी उशिरा होती. तुम्ही केळी घेतलीत, आपण बाकावर बसलो. तुम्ही खुशीत होतात. म्हणालात, "तुला एक गंमत सांगू? आईला बोलू नकोस, उगाच भडकेल." आणि सांगितलंत की त्या शनिवारी रस्सा वाढायला भांडं कमी पडलं, तेव्हा आईची पाठ वळलेली बघून फळीवरचं पातेलं तुम्हीच काढलं होतं. लोक उठल्यावर नुसतं पाण्याने विसळलं, फडक्यात बांधून परत ठेवलं, तिला कळायला नको म्हणून. हे सांगताना तुमचे खांदे हसून हलत होते. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तुम्ही केळ्याचं साल सोलत म्हणालात, "अगं, बाईमाणसाची चूक लोक पोटात घालतात. पाळकाची घालत नाहीत. आणि शेवटी मी सगळं हसण्यावर नेलंच की." माझ्या हातातलं केळं मी रुळांवर टाकलं. तुम्हाला वाटलं नासकं निघालं, तुम्ही दुसरं पुढे केलंत. गाडी आली म्हणून सुटले. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. भांडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. अंत्यविधीला लोक तुमचे विनोद आठवून रडत होते आणि माझ्या नाकात केळ्याचा वास.

परवा कार्यक्रमात ती गोष्ट सांगून झाली, "माझ्यासाठीही जरा प्रार्थना करा" हे शेवटचं वाक्य तर सेक्रेटरींबरोबर सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, इतकी ती पाठ आहे लोकांना. कुणीतरी आईला कोपराने ढोसून म्हणालं, "बाई, काय दिवस होते ना." नंतर प्रभुभोजन झालं. ट्रे आला, आईने पुढे सरकवला. परत येताना स्टँडवर बसलो होतो. मी म्हटलं, आई, पुढच्या महिन्यात मी तिथे जाणार आणि सगळ्यांसमोर उभी राहणार. ते पातेलं आबांनी काढलं होतं.

ती म्हणाली, "माहीत आहे मला."

त्या रविवारनंतर सोमवारी भांडं घासताना तिला काठाच्या दुमडीत शेव सापडली होती, आबा. तेलात भिजलेली, तांबडी. तिच्या फडक्याची गाठही तिची नव्हती. म्हणजे ती मंडळीपुढे उभी राहिली तेव्हा तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, मग क्षमा का मागितलीस? ती म्हणाली, "मला वाटलं, मी उभी राहिले की तेही उठतील. उठले की. विनोद सांगायला." आणि पुढे म्हणाली, "मनात अढी असेल तर मेजाला हात लावू नका, आधी जाऊन मिटवा आणि मग या, असं दर वेळी तेच सांगायचे ना? मी ऐकलं त्यांचं. ते मिटवायला येतील म्हणून थांबले. ते गेलेच." तिला लाज वगैरे कधी वाटलीच नव्हती. त्या एवढ्या मोठ्या मंडळीत तुमचा उपदेश शब्दशः पाळणारं एकच माणूस होतं आणि ते उपाशी बसलं होतं.

मी पुन्हा म्हटलं, म्हणूनच मी सांगणार सगळ्यांना. तेव्हा तिने माझा हात धरला. "नको. मला उभं केलं तेवढं पुरे झालं. मेलेल्या माणसाला कुठे उभं करतेस." धुळ्याची गाडी लागली. तिने पिशवीतून हार काढला आणि स्टँडवरच्या शेळीला घातला, ती खाईपर्यंत उभी राहिली.

म्हणून हे पत्र. चर्चमध्ये वाचायचं नाही, तुम्हाला पोचायचं नाही. हे मी ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली घालून टाकीन. देवाने तुम्हाला क्षमा केली असेल, त्याचं ते कामच आहे. त्याच्याशी माझं काही म्हणणं नाही. मी केलेली नाही. आईने केली की नाही हे मला पुढच्या पहिल्या रविवारी ट्रे आला की कळेल, आणि तोवर मी तिला काही विचारणार नाही.

एक मात्र कबूल करते, आबा. तुमचा तो आंब आणि तिखटाचा विनोद खरंच चांगला होता. परवासुद्धा मला ओठ दाबून धरावे लागले. त्याच्या शेवटी "आणि पातेलं मी काढलं होतं" एवढं जोडलं असतंत, तर लोक आणखी हसले असते. आईही हसली असती.