सूत ढिलं हाय

लाडक्या लालादादा,

तू पलटणीत टेलिफोनच्या तारा ओढतोस, म्हणून हे तुलाच सांगायचं. रजेवर आलास तवा म्हणालास, आवाज म्हंजे नुसती थरथर, ती ताणलेल्या सुतातनंबी जाती. तवापासनं माझं डोकं थाऱ्यावर न्हवतं.

आण्णा सोप्यात बसले की वहिनी गोठ्यातल्या आईला मोठ्यानं हाक मारत न्हाई. म्हणून तू आणलेल्या दुधाच्या डब्यांची बुडं काढली, जाड कागद ताणून चिकटवला, आन चुलीपासनं गोठ्यापर्यंत सूत बांधलं. आधी ते चौकटीला टेकत हुतं, आवाज तिथंच मरायचा. मग वरनं नेलं.

वहिनीच्या हातात डबा दिला. म्हटलं, "मी गोठ्यात जाती, तू कायबी बोल." तिला वाटलं, मी अजून पोचले नसंन. तिनं हळूच तुझं नाव घेतलं. उखाणा न्हाई, काय न्हाई. नुसतं "लालासाहेब".

मी वरडले, "वहिनी, काय ऐकू येईना! सूत ढिलं हाय!"

कुणी ऐकत न्हाई म्हटल्यावर तिनं परत घेतलं, जरा मोठ्यानं.

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुमची पत्रं सायेब फोडून वाचतात म्हणं, आन ते नाव तिनं फक्त डब्याला सांगितलंय.

पोरीचा खेळ फसला म्हणून आण्णा लय हसतात. हसू देत. वहिनी रोज डबा तोंडाला लावती, आन मी रोज सांगती, सूत अजून ढिलंच हाय. तू ये, आन गोठ्यातला डबा कानाला लाव.

तुझी,
राही