प्रशिक्षणाच्या वहीतल्या सह्या

३ तारीख, सोमवार

ठण्... ठण्... ठण् — शाळेच्या पितळी घंटेवर शिपायाचा हातोडा. मागोमाग चाळीस पोरांचा एका सुरातला कवितेचा घोष, आणि डोळे मिटून बाकावर ताल धरणारे गुरुजी. साठ-पासष्ट वर्षं झाली, आज जाग आली ती त्याच आवाजाने. कामावर जाताना वाटभर तेच गुणगुणत होतो.

कारखान्यात पोचलो तर पत्र्याची झाकणं ठोकणारं प्रेसचं यंत्र बंद. तिथे इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. डब्यांची झाकणं काढणाऱ्या बाईचा उजवा हात यंत्रात गेला होता. सगळे तिला झाकणताई म्हणतात. तीन बोटं गेली. जमिनीवरच्या रक्तावर भुसा पसरला होता. जेवणाच्या सुट्टीआधी यंत्र पुन्हा सुरू! त्याच भुशावर उभी राहून दुसरी बाई झाकणं काढत होती.

शिसारी आली. जेवणाचा डबा तसाच परत आणला.

५ तारीख

फिटर जिन्याखाली भेटला. इकडेतिकडे बघत बोलला.

"प्रेसची हात वाचवणारी जाळी महिनाभर निघालेलीच आहे, काका. झाकण अडकतं, वेळ जातो, म्हणून मॅनेजर साहेबांनीच काढायला लावली. ताई दोनदा म्हणाली, जाळी बसवा, नाहीतर मी यंत्राला हात लावणार नाही."

"मग?"

"साहेब म्हणाले, मग घरी बस, भांडी घास."

आणि फलक मी रंगवलाय! ‘धोका दिसल्यास काम थांबवण्याचा कामगारास हक्क आहे.’ निळी अक्षरं, खाली बारीक लाल रेघ. दोन दिवस खपलो होतो. तो लावलाय पाहुण्यांच्या खोलीत, सोफ्याच्या वर. कामगारांना त्या खोलीत पाऊल टाकायची मुभा नाही. इतकी वर्षं मला त्यात काही खटकलं नाही. उलट पाहुणे कौतुक करतात म्हणून खूश होतो.

८ तारीख, शनिवार

मॅनेजरने बोलावलं. टेबलावर सुरक्षा प्रशिक्षणाची वही.

निवृत्तीनंतर मला इथे ठेवलं ते या वह्यांसाठी. दर तीन महिन्यांनी भरतो. प्रशिक्षण एकदाही झालेलं नाही. सहीसाठी माणसं यंत्रावरून उठवायची नाहीत असा इथला रिवाज, म्हणून सह्याही मीच करतो. आणि हे लिहायची लाज वाटते — त्यात मला मजा यायची. फिटरची सही टोकदार, हमालाची ठेंगणी. झाकणताईच्या सहीला मी लांब वळणदार शेपटी दिली होती, कवितेच्या वहीत शेवटच्या ओळीखाली काढायचो तशी.

"बघा, जाळी काढू नये हे शिकवल्याची सही आहे बाईची," मॅनेजर म्हणाला. "तिनेच काढली, तिचीच चूक. बुधवारी अकराला तपासणी अधिकारी येतील. तुम्ही एवढंच सांगायचं, सगळ्या सह्या माझ्यासमोर झाल्या."

वर म्हणतो, "काका, तुमच्या अक्षराला तोड नाही हं."

चहा मागवला. मी तो प्यायलो. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायलो.

९ तारीख

सूनबाईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबले नाहीत.

"बाबा, तुम्ही घातलात का तिचा हात यंत्रात? मग? हो म्हणा नि मोकळे व्हा. नाहीतर नोकरी सोडून दिवसभर माझ्या डोक्याशी कविता म्हणत बसाल."

हसलो. मग त्या हसण्याचीच किळस आली.

१० तारीख

कविता आठवून पाहिल्या. एकही दुसऱ्या कडव्यापुढे गेली नाही.

११ तारीख

उद्या हो म्हणायचं ठरवलं. ‘सगळ्या सह्या माझ्यासमोर झाल्या.’ आरशासमोर उभा राहून चारदा म्हटलं. कुठे अडखळलो नाही. थू!

१२ तारीख, बुधवार, सकाळ

शर्टाला इस्त्री करत होतो तोच दार वाजलं. वाटलं, मॅनेजरने गाडी पाठवली.

झाकणताई. हात गळ्यात बांधलेला, कोपरापर्यंत पट्ट्या. चेहरा पांढराफटक. चपला बाहेर काढून उंबऱ्यातच उभी.

"काका, येऊ का? बसत नाही, घाईत असाल. साहेबांनी माझ्या भावाला त्या वहीचं पान दाखवलं. म्हणे, ही बघ तुझ्या बहिणीची सही. त्याने फोटो काढून आणलाय. पण काका, मला सही कुठे येते? पगाराला अंगठा लावते मी. फिटरदादा म्हणाले, अक्षर ओळखावं तर काकांनीच. एवढं बघून सांगा, कुणी केलीय ही?"

डाव्या हाताने फोन पुढे धरला.

बळेच खुर्चीवर बसवलंय तिला. चष्मा घेऊन येतो म्हणून आत आलो.

चष्मा डोळ्यांवरच आहे.