ढिला पट्टा

३ फेब्रुवारी, सोमवार
लेकीला मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली! दुसऱ्या शहरात. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. गुरुवारी माझी जुनी मोटार घेऊन निघणार म्हणे. निघू दे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

४ फेब्रुवारी
वाटेत सोय हवी म्हणून मोठा भोंगा, दोन जादा दिवे, पंखा — सगळं एकाच फ्यूजवर जोडलं. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग त्या जागी जाड तार घातली. तीस वर्षं गॅरेज चालवलंय, एवढं चालतं!

बाईसाहेबांनी बॉनेट उघडलं. "बाबा, गाडी आहे की सर्कस? भार झेपेना की फ्यूज जळतो, म्हणून वायरी वाचतात. आता जळायला गाडीच उरली!" मग शिकवणीच लावली. इंजिन पट्टा फिरवतं, पट्टा अल्टरनेटर फिरवतो, त्यावर बॅटरी भरते. रेग्युलेटर साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. अगं, तू फ्रॉकात होतीस तेव्हा मीच शिकवलंय हे!

तार निघाली, दिवे निघाले, पंखा निघाला. भोंगा ठेवला — माझं तोंड बघून.

५ फेब्रुवारी
गाढवपणा केला. ती आंघोळीला गेल्यावर अल्टरनेटरचा पट्टा ढिला केला. पट्टा घसरला की बॅटरी भरत नाही, लाल दिवा लागतो, निघणं लांबतं. साठीत ही अक्कल! पण ती गेल्यावर घरात मी आणि रेडिओ.

६ फेब्रुवारी, गुरुवार
लाल दिवा लागला. दहा मिनिटांचं काम — हिनं दिवसभर घोळ घातला! मीटर लाव, वायरी तपास, चहा पी, पुन्हा मीटर. पट्टा नाकासमोर किंचाळतोय, हिचं लक्षच नाही! कारखान्यात हिला ठेवून कोण घेणार?

७ फेब्रुवारी
आजही तेच. जेवताना म्हणालो, "चहा बरा करतेस, त्याचीच नोकरी बघ." हसली. मला मात्र हसू येईना. सोमवार हुकला तर पोरीचं नुकसान माझ्यामुळे. ती दुकानात गेली तेव्हा पट्टा आवळला, अंगठ्यानं दाबून पाहिला. घर खायला उठेल. उठू दे.

८ फेब्रुवारी
गेली. कोपऱ्यापर्यंत भोंगा वाजवत!

९ फेब्रुवारी, रविवार
फोन आला. "पोचले. लाल दिवा नाही लागला. बाबा, पट्टा तुम्हीच ढिला केला होतात ना? मला गुरुवारी सकाळीच कळलं होतं. पण माझाही पाय निघत नव्हता हो."