कापलेल्या कैऱ्या आणि कलम सोळा

नल्लकुंटा, हैदराबाद

चि. सौ. योगिनीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? नामदेवरावांना नमस्कार सांग. नांदेडला ऊन फार म्हणतात. इकडेही कमी नाही, पण माझं डोकं तापलंय ते उन्हाने नव्हे, कैऱ्यांनी.

तुझ्या वहिनीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा लोणच्याच्या कैऱ्या आणायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. (निघताना "चाखून घ्या" असं तीनदा बजावलं. जामबागेतल्या कॉलेजात एकतीस वर्षं मालविक्रीचा कायदा शिकवलेल्या माणसाला!) बाजारात भाग्यलक्ष्मी नावाच्या बाईला मी स्वच्छ सांगितलं, की कैऱ्या लोणच्यासाठीच हव्यात. असा हेतू सांगितला, की कलम सोळा लागू होतं, माल त्या कामाच्या लायकीचा असण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर. मग तिच्या नवऱ्याने आठ किलो कैऱ्या तिथेच कोयीसकट कापून दिल्या (इकडे तशीच पद्धत आहे). घरी येऊन बघतो तर फोडी आतून पिवळ्याधमक, चक्क गोड! मंगलाने एक फोड चाखली आणि धुऊन ठेवलेली बरणी डाव्या हाताने परत फळीवर ठेवली. बोलली असती तर परवडलं असतं गं.

तसाच उलट पावली गेलो. भर बाजारात अर्धा तास कायदा समजावला. बाईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "काटे सो आम वापस नै होते सारू." (सारू म्हणजे सर.) अगं, हे तर कलम बेचाळीस! माल घेऊन मालकासारखा वापरलात, की तो तुम्ही स्वीकारला. हे सांगायला मी वर्गात दोन तास घ्यायचो, आणि ही बाई एका वाक्यात, तेही माझ्याचविरुद्ध! पण मी सोडणार नाही. त्यातल्या वाडगाभर फोडी पुरावा म्हणून फ्रिजमध्ये जपून ठेवल्यात. सोमवारी ग्राहक मंचात जातो.

तुझा दादा,
मुकुंद

ता. क. तुझ्या लोणच्यातलं दोन किलो गुपचूप पाठव. मंगलाची बरणी यंदा रिकामी आहे, आणि ती बघवत नाही.

आणखी एक. त्या बाईने आधी फोड चाखायला दिली होती. मी नको म्हटलं. हे तुझ्यापाशीच राहू दे.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून डाव्या हाताने चार ओळी. लोणचं चार किलो पाठवा. फ्रिजमधल्या त्या फोडींचा मी शेजारच्या त्रिवेणीकडून मेथांबा करून घेतला. चाखा म्हटलं तेव्हा चाखलं नाही; काल मात्र सगळा पुरावा चार पोळ्यांबरोबर संपवला, आणि आणखी आहे का विचारलं. — मंगला