खालच्या बांधीतला गोल

मी, यादोराव मंगरू मेंढे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार वाइंडिंग व शेती, राहणार दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, हा कागद स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, दार सताड उघडं ठेवून लिहितो आहे. म्हाताऱ्याला कोंडून लिहून घेतलं असं पुढे कोणी म्हणू नये म्हणून दार उघडं आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार आणि सात आठे किती ते विचारलं, आणि उत्तर ऐकताना ते मोबाइल पाहत होते. त्यामुळे दाखला खरा असला तरी तपासणी झाली असं मी म्हणणार नाही. मी प्यायलेलो नाही. मला कोणी धमकावलेलं नाही. बायको रोज धमकावते, ते धरू नये.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्यामागे कोणी दुसरा कागद पुढे केला आणि त्यावर अंगठा असला, तर तो खोटा समजावा. मी अंगठा लावत नाही, सही करतो.

कलम १. राहतं घर, परसातली विहीर आणि घरातलं सगळं सामान पत्नी सुमनबाई हिचं. ती आहे तोवर कोणी घर विकू नये, गहाण टाकू नये आणि "आई, बस एक साइन कर दे" असं म्हणत तिच्याजवळ बसू नये. हे विवेकसाठी लिहिलं आहे. विवेक माझा मुलगा, गोंदियात मोबाइलचं दुकान चालवतो. मनाने वाईट नाही. पण तो "बाबूजी, टेन्शन मत लो" म्हणाला की मला टेन्शन येतं.

कलम २. पोस्टातली ठेव सुमनबाईच्याच नावे आहे. किती आहे ते तिला ठाऊक आहे, बाकी कोणाला कळण्याचं काही कारण नाही.

कलम ३. दुकानातली हत्यारं, वाइंडिंगचं मशीन, पुलर, मेगर आणि तांब्याच्या तारेची रिळं दुर्गेश्वरी हिला द्यावी. ती अकरा वर्षं माझ्या दुकानात पंपाच्या मोटारीत कॉइल भरते. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणायचे, "बाईच्या हातची मोटार चालन का?" तिने भरलेली एकही मोटार परत आलेली नाही. मी भरलेल्या आल्या आहेत. हे तिला मी तोंडावर कधी सांगितलं नाही, लगेच पगार वाढवून मागेल अशी मला शंका होती.

कलम ४. रामलालचं शेत माझ्या खालच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, लागून आहे. दर उन्हाळ्यात मधल्या धुऱ्यावर माती टाकताना तो वीतभर माझ्याकडे सरकतो आणि वर मलाच रामराम घालतो. माझ्यामागे सरकारी मोजणी करून घ्यावी. त्या दिवशी मोजणीवाल्याला रामलालच्या घरचा चहा पिऊ देऊ नये.

कलम ५. परग्रहावरून कोणी आल्यास. माझ्या स्थावर वा जंगम मिळकतीत परग्रहावरच्या कोणाही जीवाचा हक्क, हिस्सा किंवा हितसंबंध नाही आणि पुढेही राहणार नाही. कच्चा कागद दाखवला तेव्हा हे कलम वाचून वकील हसले आणि काढून टाका म्हणाले. मी कलम ठेवलं, वकील बदलला.

असे कोणी आहेत की नाहीत, यावर माझं म्हणणं लिहून ठेवतो. एवढं मोठं आभाळ, त्यात आपल्याशिवाय कोणीच नाही असं मी कसं म्हणू? बांधीत ओंजळभर पाणी चार दिवस साचलं तरी त्यात काहीतरी वळवळायला लागतं. माझी मुलगी आचल हेच म्हणते. ती पुण्याकडे एका संस्थेत मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणींवर काम करते, त्यामुळे तिला विचारण्यात अर्थ आहे. ती म्हणायची, "कुठंतरी असतीलच बाबूजी. पण सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा उजेड इथं पोचायलाच चार वर्षं लागतात. यानात बसून यायचं म्हटलं तर हजारो वर्षं जातील. कोण येते?"

तिचं गणित मला मान्य आहे. पण येऊ शकतात का हा तिचा प्रश्न झाला. माझा प्रश्न, आले तर कायले? हजारो वर्षं प्रवास करून नुसता रामराम घालायला कोणी येत नाही. गावात पहिल्यांदा तिपाई घेऊन मोजणीची माणसं आली, तीही हसतमुख होती, चहा पिऊन गेली. दोन वर्षांनी आमची अर्धी बांधी कालव्यात गेली. म्हणून माझ्या वारसांना सूचना, की वरून कोणी उतरलंच तर त्याला पाणी द्यावं, बसायला खाट टाकावी, पण सातबारा दाखवू नये.

कलम ६. खालची बांधी, तळ्याच्या पाळीला लागून असलेली, मी एकट्या आचलला देतो. विवेकचा तिच्यावर हक्क नाही.

आचलने दोन हजार बावीसच्या दसऱ्यापासून या घरात पाऊल ठेवलेलं नाही. कारण मी आहे. ते कारण न लिहिता जमीन तिच्या नावे केली, तर तिचं तोंड बंद करायला तुकडा टाकल्यासारखं होईल, आणि ती तो घेणार नाही. म्हणून लिहितो.

त्या साली उन्हाळ्यात आभाळातून जळत काहीतरी गेलं. आमच्या सगळ्या भागाने पाहिलं. रॉकेटचे तुकडे होते असं पुढे छापून आलं, पण गावाच्या तोंडी तबकडीच राहिली. मग धानाची रोवणी झाली, आणि श्रावणात सारसाच्या एका जोडीने माझ्या खालच्या बांधीत घरटं घातलं. सारस धानाची रोपं उपटून पाण्यात ढीग करतो आणि त्यावर अंडी घालतो. भोवतालची रोपं त्यानेच ओढून काढलेली असतात, त्यामुळे ढिगाभोवती मोकळ्या पाण्याचा खळ्याएवढा गोल पडतो. आमच्याकडे सारस सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचं घरटं जवळून पाहिलेली माणसं आता थोडी. मीही पहिल्यांदाच पाहत होतो. दोन अंडी होती. मी रोज सकाळी पाळीवर बसून पाहायचो. मला फार आनंद व्हायचा.

कोणाला सांगितलं नाही. वनखात्याला कळलं तर बांधीभोवती फीत लावून मलाच बाहेर काढतील अशी शंका होती. ही शंका फुकटची निघाली. घरटं राखणाऱ्याचा ते उलट सत्कार करतात असं नंतर कळलं. पण रामलालची शंका फुकटची नव्हती. रोपं उपटतात म्हणून तो सारसाला गोटे मारतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका सकाळी तो धुऱ्यावरून वाकून पाहायला लागला.

"काय जी यादोरावभाऊ, बांधीत काय होऊन राहिलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडं जाऊ नको बाप्पा! काहीतरी उतरलं होतं तिथं. गेलो तं माझे पाय बधिर झाले."

रामलाल असा पळाला की त्याची एक चप्पल माझ्या हद्दीत राहिली. ती माझ्याकडे आहे. ओळख पटवून न्यावी.

अंडी वाचली. इथवरची मला लाज नाही.

पण रामलालच्या पोटात काही राहत नाही. आठ दिवसांत गावभर झालं, आणि गोंदियाहून एक व्हिडिओवाला आला. म्हणाला, "चाचाजी, डरिए मत, जो देखा वो बताइए." मी आयुष्यभर जळलेल्या मोटारी उघडल्या, कोणी समोर बसून मला असं आदराने काही विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो. निळा उजेड सांगितला. वाइंडिंग जळते तेव्हा येतो तसा वास सांगितला. तो वास मला पाठ आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला खरा वाटला असावा. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. बाहेरगावची माणसं माझ्या धुऱ्यावर नारळ फोडायला लागली. रामलालनेही फोडला.

दसऱ्याला आचल आली. बांधीवर पंचवीस-तीस माणसं होती, व्हिडिओवालाही होता. ती सलवार वर खोचून सरळ चिखलात उतरली, गोलाच्या मधोमध गेली आणि एक लांब करडं पीस घेऊन बाहेर आली. ती हसत होती. तिला वाटलं, मला आनंद होईल.

"बाबूजी, हे तं सारसाचं घरटं होय! तुमाले दिसलं नाही का?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कॅमेरा चालूच होता. मी म्हणालो, "इचं शिक्षण पुस्तकातलं आहे. पुण्यात राहून पोरीले सारस अन् कोंबडीतला फरक समजत नाही. इचं काही ऐकू नका."

लोक खदाखदा हसले. आचलने माझ्याकडे पाहिलं, पीस खाली ठेवलं आणि हात न धुताच घराकडे निघाली. व्हिडिओवाल्याने ते हसणं व्हिडिओत ठेवलं, आणि वर लिहिलं की शिकलेल्या मुलीला अडाणी बापाने गप्प केलं. मी अडाणी नाही, अकरावीपर्यंत शिकलो आहे, पण ते असो. तो व्हिडिओ तिच्या संस्थेत पोचला. तिचा एकच फोन आला. "बाबूजी, आभाळातून आलेला आवाज खरा का खोटा, दिवसभर हेच तपासते मी. अन् तुमी चार माणसांत मलेच खोटी केली." तिने फोन ठेवला.

घरटं वाचवायचं होतं, असं मी तेव्हापासून स्वतःला आणि सुमनबाईला सांगत आलो. सुमनबाई दर रविवारी विचारते, "काऊन जी, पोरीले फोन नाही करत? जीभ झडली का?" मी म्हणतो, तिनं करावा.

आचल खरी होती. माझ्या बांधीत कोणीही उतरलं नव्हतं. ते सारसाचं घरटं होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कलम ७. कलम ६ हे माझ्या मृत्यूनंतर, बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीसमोर, भोंग्यावर, विवेकने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवावं. बापाची अब्रू म्हणून तो मधलं गाळेल अशी मला दाट शंका आहे. म्हणून साक्षीदार कवडू याने दुसरी प्रत हातात धरून शेजारी उभं राहावं. रामलालला पुढे बसवावं. वरची जमीन विवेकची, पण हे वाचन पुरं झाल्यावरच.

कलम ८. हे कलम मी ठरवलेलं नव्हतं.

वरचं सगळं लिहून झाल्यावर कागद कवडूकडे दिला. कवडू आमच्या गावचा पोस्टमन होता. चाळीस वर्षांत कोणाचं पत्र उघडून पाहिलं नाही असं तो सांगतो, मी मानत नाही. त्याने सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "यादोराव, दसऱ्याले अंडी होती का रे त्या घरट्यात?"

नव्हती. पिल्लं वीस दिवस आधीच आईबापामागून तळ्याकडे गेली होती. मी पाळीवर बसून त्यांना जाताना पाहिलं होतं. त्या गोलात राखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चाचाजी म्हणणारा तो कॅमेरा माझ्यावरून हलू नये, एवढ्यासाठी मी माझ्या पोरीला पंचवीस माणसांत खोटी पाडली. कवडूने विचारलं नसतं तर मी हे लिहिलं नसतं.

त्यावर तो म्हणाला, "मंग मेल्यावर कायले वाचायले सांगतेस? तू गेल्यावर पोरीनं जाब कोणाले विचारायचा?"

मी त्याला शिवी दिली. त्याने ऐकून घेतली.

जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. विवेकवर, रामलालवर, डॉक्टरवर, वकिलावर, ताऱ्यांवरून अजून न आलेल्यांवरसुद्धा. आज पहिल्यांदा या कागदावरच संशय आला. मेलेल्याला कोणी काही विचारत नाही, म्हणून हा माणूस मरणाच्या आड लपून माफी मागतो आहे. मला माझ्या पोरीची फार आठवण येते.

सबब, कलम ७ मधील "माझ्या मृत्यूनंतर" आणि "विवेकने" हे शब्द मी आज खोडले आहेत. त्या जागी "येत्या" आणि "मी स्वतः" असं लिहून बाजूला सही केली आहे. विवेकची जमीन या अटीतून मोकळी केली आहे. कलम ६ सोबत कलम ८ ही वाचीन. वाचताना विवेकने आचलला फोन लावून भोंग्याजवळ धरावा. तिने उचलला नाही तर पुढच्या बाजारी पुन्हा वाचीन, आणि ती उचलेपर्यंत दर बाजारी वाचत राहीन. ही खाडाखोड माझ्याच हातची आहे. बाकीचा कागद मेल्यावर उघडला तरी चालेल.

ठिकाण: दवनीवाडा
दिनांक: ११ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: (सही) यादोराव मंगरू मेंढे

साक्षीदार:
१. (सही) कवडू लक्ष्मण सोनवाने, निवृत्त पोस्टमन
२. (सही) रीता भोजराज बिसेन, अंगणवाडी सेविका

आम्हा दोघांदेखत यादोराव मेंढे यांनी हा कागद मोठ्याने वाचला, दोन ठिकाणी खोडला आणि सही केली. सही करताना ते रडत होते. पूर्ण शुद्धीवर होते.