सर्वो काढलेल्या लाल मिनीची आणि माझ्या बाकीच्या चीजवस्तूंची व्यवस्था

मी, कॅलम सिरिल टँडी, वय एकवीस, राहणार रुबेरी, बर्मिंगहॅम, आज शनिवारी दुपारी आजोबांच्या गॅरेजमध्ये, त्यांच्याच कामाच्या टेबलावर बसून, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. प्यायलेलो नाही. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. ज्याला तसं वाटत असेल त्याने डॉक्टरकडून लिहून आणावं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. टॅमसिन प्रीस हिला पाठवलेल्या एका कार्डावर ‘माझं जे आहे ते सगळं तुझं’ असं लिहिलं होतं, पण ते कायद्यात टिकत नाही असं मॉरीन आत्या सांगते. आत्या वकिलाकडे टायपिंग करते.

लिहिण्याचं कारण असं. उद्या वेल्समध्ये आमच्या मिनी क्लबची टेकडीची शर्यत आहे. वेळ मोजतात ती चढताना, पण जीव जायचा तो उतरताना. आणि माझ्या गाडीच्या ब्रेकला माझ्या पाठीमागे कोणीतरी हात लावला आहे. मला उद्या काही झालं तर तो अपघात समजू नये.

१. अंमलबजावणी मॉरीन आत्याने करावी. आईने नाही, कारण आई सगळं तिच्या मित्राला, कीथला, सांगते, आणि कीथ आमच्या घरात राहायला आल्यापासून या गॅरेजच्या भाड्याची चौकशी जरा जास्तच करतो.

२. आजोबांचे पाने, जॅक आणि शिकंजा आत्याच्या हॉलीला. आजोबांनी लाँगब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात हयात घालवली; त्यांची हत्यारं अशा हातात जावीत ज्याला नट कुठल्या बाजूला सुटतो हे कळतं. हॉली बारा वर्षांची आहे, तिला कळतं. कीथला कळत नाही.

३. बँकेत जे काही निघेल ते आईला. त्यातून टीव्ही घेऊ नये.

४. कॉलेजची पुस्तकं ज्याला हवी त्याने न्यावीत. मला कोणी काढलेलं नाही, मी सोडलं, हे इथे नोंदवतो. आमचे व्हिटलॉक सर शेवटच्या दिवशी म्हणाले, “टँडी, तुझा प्रश्न डोक्याचा नाही. तुला थांबता येत नाही.” ब्रेक तिसऱ्या वर्षाला होते. मी दुसऱ्या वर्षी बाहेर पडलो.

५. माझी लाल मिनी टॅमसिन प्रीस हिला. ती एप्रिलपासून माझा फोन घेत नाही, तरीही.

गाडीबद्दल तिला माहीत असावं म्हणून लिहितो. हिच्यात मुळात सर्वो होता. सर्वो म्हणजे बॉनेटखालचा तो काळा गोल डबा: आपण पेडलवर पाय नुसता टेकवायचा, तो इंजिनाची ओढ वापरून बाकीचा जोर लावतो. मला तो नको होता. माझ्या पायाचं चाकांशी जे बोलणं व्हायचं ते थेट व्हावं, मध्ये कोणी नको. म्हणून मी सर्वो काढला, बिनसर्वोच्या मिनीचं ब्रेकचं मास्टर सिलिंडर आणि पेडल आणून बसवलं, सर्वोची नळी इंजिनाला जिथे लागायची ते उघडं तोंड बुचाने आणि टेपने बंद केलं.

मग राहिलं ब्रेकच्या तेलाच्या पाइपांमधली हवा काढणं. हे एकट्याचं काम नव्हे. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं पडून हवेचा स्क्रू सैल करायचा. मार्चमध्ये टॅमसिन आत बसली होती. तिची उंची कमी, सीट पार पुढे ओढून घेतलेली. मी खालून म्हणायचो, “दाब… धर… सोड.” ती वरून म्हणायची, “आणि ‘प्लीज’ कोण म्हणणार, तुझा आजोबा?” माझ्या आयुष्यात त्याहून चांगली दुपार झालेली नाही. पुढची दोन चाकं झाली आणि ती म्हणाली, “कॅलम, तू ‘सोड’ म्हणायला विसरतोस रे, माझा पाय दुखतोय.” मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती उतरून गेली. मागची चाकं मी एकट्यानेच केली, पेडल आणि सीट यांच्यामध्ये काठी अडकवून.

६. पुरावा. गुरुवारी सकाळी गॅरेज उघडलं तेव्हा: बुचाच्या जागी तांब्याचा वायसर घालून बसवलेला बोल्ट होता, जो माझा नव्हे. ब्रेकच्या तेलाची नवी बाटली अर्धी रिकामी होती. पेडल आधी थोडं खाली जाऊन मग घट्ट व्हायचं. आता पहिल्यापासून दगड. आणि सीट पार पुढे सरकलेली होती.

गॅरेजच्या दोनच किल्ल्या आहेत. दुसरी आईकडे. आईला विचारलं तर म्हणाली, “मला काही विचारू नकोस, बाळा, चहा घे.”

७. डीन हिंगली याला काहीही नाही. डीन लष्करात गाड्या दुरुस्त करतो, सध्या रजेवर आहे, पुढच्या महिन्यात त्याची पलटण जर्मनीला जाते. शाळेपासूनचा मित्र. माझ्या तोंडून नीट बोलणं निघत नाही म्हणून भांडणानंतर टॅमसिनला माझे निरोप तोच नेऊन द्यायचा. माफीसुद्धा त्याच्याच तोंडून मागितली. उत्तर कधी आलं नाही. निरोप पोचले की नाहीत, पोचले तर कोणाच्या नावाने पोचले, हे मला आता कळायला हवं. त्याला यातलं काही मिळू नये हे पक्कं व्हावं म्हणून मी त्यालाच साक्षीदार करत आहे. आत्या सांगते, साक्षीदाराला मृत्युपत्रातून छदामही मिळत नाही. दुसरे साक्षीदार शेजारचे नॉर्मन बिसेल.

८. हे कलम सहीच्या वेळी वाढवलं.

दोघे आले. नॉर्मननी चष्मा पुसला. डीनने पेन घेतलं आणि विचारलं, “यात टॅमसिनचं नाव आहे?”

“तुला काय करायचंय? तू सही कर.”

“असेल तर मला सही करता येणार नाही.”

“तुला मी काही दिलेलंच नाही, भिकाऱ्या. साक्षीदाराला मिळत नाही.”

डीनने पेन टेबलावर ठेवलं. “साक्षीदाराच्या बायकोलाही मिळत नाही, कॅलम. मी सही केली तर तिला गाडी मिळायची नाही.”

नॉर्मन म्हणाले, “अरे वा, अभिनंदन, पोरा!” मग माझ्याकडे बघून त्यांनी चष्मा परत पुसायला घेतला.

“कधी?” मी विचारलं.

“एप्रिलमध्ये. रजिस्टर ऑफिसात. तिला जर्मनीला न्यायचं तर लग्न झालेलं लागतं. तुला सांगायला तीन वेळा आलो होतो. दरवेळी तू हातात पाना घेऊन उभा.”

“माझे निरोप?”

“सगळे दिले. शब्दाला शब्द. ती रडली होती. पण नाही म्हणाली.”

“मग मला ते का नाही सांगितलंस?”

“‘नाही’ कसं सांगायचं तुला? तूच सांग.”

मी शिकंज्याचा दांडा उचलला, हे खरं आहे. नॉर्मन मध्ये आले. मी म्हणालो, “आणि ब्रेक? मला मारून मोकळं व्हायचं होतं का दोघांना?”

तेव्हा मात्र डीन भडकला. “काठी लावून हवा काढतात का, येड्या? मागच्या पाइपांत निम्मी हवा होती तुझ्या! तिसऱ्या वळणावर पेडल जमिनीला टेकलं असतं. तुझ्या आईने मला फोन केला, ‘तो माझं ऐकायचा नाही’ म्हणून. मी खाली, टॅमसिन आत. चारही चाकं परत केली. आता दगड लागतो ना? तोच बरोबर आहे. बिनसर्वोचं असंच असतं.”

“ती काही म्हणाली?”

“म्हणाली, याला सांग, सबंध पायाने दाब.”

मग तो गेला.

९. त्यानंतर मी गाडी काढून जवळच्या लिकी टेकडीच्या उतारावर नेली. सीट पुढेच होती. माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते, तरी मागे केली नाही. उतारावर दोनदा पेडल दाबलं, गुडघे अडकल्यामुळे जमेल तेवढंच. गाडी उशिरा थांबली, पण सरळ थांबली. ज्यांनी मला फसवलं त्यांच्या कामात खोट सापडली नाही. खोट सापडली असती तर बरं झालं असतं.

१०. म्हणून शेवटची व्यवस्था. वरचं काही खोडत नाही, कारण खोडलं की तिथे तिथे सगळ्यांच्या सह्या लागतात. कलम पाचमधली टॅमसिन प्रीस म्हणजे टॅमसिन हिंगली असं वाचावं. गाडी तिचीच. कलम सात रद्द. डीन साक्षीदार राहिला नाही, तेव्हा त्याला देता येतं: काढलेला सर्वो खोक्यात, शेल्फखाली आहे, तो डीनला. मध्ये राहून दुसऱ्याचा जोर लावण्याचं काम त्याने प्रामाणिकपणे केलं, असं आता मानावं लागतं. माफ केलेलं नाही.

उद्याच्या शर्यतीला मी जाणार. सही झाल्याबरोबर सीट मागे सरकवणार आहे, माझ्या जागेवर. सबंध पायाने दाबायचं तर पाय लांब करायला जागा लागते.

सही: कॅलम सिरिल टँडी

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली, आणि आम्ही दोघांनी त्याच्या देखत सह्या केल्या. यातलं आम्हा कोणालाही काही मिळणार नाही, आणि हे वाचायची वेळ न येवो.

साक्षीदार: नॉर्मन बिसेल, शेजारी
साक्षीदार: जीन बिसेल, त्यांची पत्नी (ऐनवेळी बोलावली, हाताला पीठ आहे)

ठिकाण: रुबेरी, बर्मिंगहॅम
शनिवार, १६ मे २००९