लेप कुणी कालवला

अप्पा, तुम्ही गेल्यापासून माझ्या डिंकाला मी कुणाला हात लावू दिलेला नाही. पुण्यातल्या या घरात गॅलरीच्या कोपऱ्यात दोन बोळकी ठेवलेली असतात, एक डिंकाच्या पाण्याचं, एक ब्रश धुण्याच्या पाण्याचं, आणि डिंकाच्या बोळक्याच्या गळ्यात मी लाल दोरा बांधते. कामाला येणारी बाई विचारते, हे काय, दृष्ट काढलीय का? मी म्हणते हो. तिला काय सांगू? आपल्या घरची, तिकडे दक्षिणेत राहिलेली जुनी मराठी बोलायला आता माझ्याजवळ कुणी उरलेलं नाही. इथं आले तेव्हा लोक हसायचे, म्हणायचे, तुझी भाषा बखरीतली आहे. मग मी ती मिटून ठेवली. आज तुमच्याशी बोलायचं म्हणून काढली, तर निम्मी विसरलेय. हे पत्र कुठं टाकायचं तेही ठाऊक नाही. कुंभकोणमच्या आपल्या गल्लीत त्या घराच्या जागी आता एक लॉज उभा आहे म्हणे.

तुम्हांला ते दिवस आठवतात का, आई गेल्यानंतरचे? घरात आपण दोघंच. सकाळी मी कॉफी गाळून पितळी डवऱ्यात तुमच्यासमोर ठेवायची आणि तुम्ही फणसाच्या फळीवर कापड चिकटवत असायचात, त्यावर खडूच्या पुडीचा लेप, मग गुळगुळीत दगडानं घासणं. लोण्याचा गोळा धरलेला कृष्ण, पट्टाभिषेकातला राम, पुन्हा कृष्ण. दागिन्यांचं उठावाचं काम तुम्ही मला दिलं होतं. खडूची पूड आणि डिंक कालवून ब्रशानं थेंबथेंब चढवायचं, वाळलं की वर सोन्याचा वर्ख. लेप कालवणं मात्र तुमचंच. दोन बोटांत तो चोळून बघायचात, बोटं फाकवली की मध्ये तार आली पाहिजे. आणि डोळेही तुमचेच. सगळं चित्र झालं की अगदी शेवटी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून डोळे उघडायचे, आणि ज्याचं चित्र त्यानंच उघडायचे, ही आपल्या घरची रीत. मी एकदा हट्ट केला होता, राधेचे तरी मला काढू द्या. तुम्ही म्हणालात, "आधीं चित्र तुझें होऊं दे गे. मग डोळे." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

मग मामा आले ते टेपचं यंत्र घेऊन. आईचे लांबचे भाऊ, मरुदानल्लूरच्या भजनाच्या घरातले. पेटी इतकी सुरेख वाजवायचे की पट्टीश्वरमपर्यंत बोलावणी, आणि एक दिवस सगळं सोडून दिलं. म्हणे, मला आता सूर नको, आवाज पाहिजे. मंडळींनी कपाळाला हात लावला. मद्रासच्या कुणाकडून तरी ते यंत्र उसनं आणून, ट्रंकेसारखं जड, ते गावभर फिरत होते. भांडीवाल्यांच्या गल्लीत बसून हातोड्यांचे ठोके भरून घेतले, विहिरीच्या रहाटाची कुरकुर भरून घेतली, तंबोऱ्याच्या तारा सैल सोडून त्यांच्यावर नारळाची करवंटी ओढली. आपल्या ओसरीवर त्यांनी ते आपल्याला ऐकवलं तेव्हा तुम्ही मोठ्यानं हसलात. "अय्यो, मेव्हणे! भांडीं घासल्याचा आवाज ऐकवावयास इतकें ओझें आणलें?" मामा रागावले नाहीत, त्यांनी यंत्र चालूच ठेवलं. थोड्या वेळानं यंत्रातून अडकित्त्यानं सुपारी फोडल्याचा आवाज आला. एक, थांबून आणखी एक. तुमचं हसणं थांबलं. तुम्ही म्हणालात, "हा तर माझ्या आईचा अडकित्ता." तो तुमच्या आईचा कसा असेल, ती जाऊन किती वर्षं झाली होती! पण मामांनी मान हलवली आणि तुम्हीही हलवलीत.

त्याची तबकडी निघणार होती. मद्रासला एकजण चाळीसच काढून देणार होता, कारण घेणार कोण? मामांना कव्हर हवं होतं, पण छापलेलं नको, हातानं केलेलं. पुठ्ठ्यावर उठावाचं काम. देव नको, फूल नको, वर्ख नको. "हात लावला तर ऐकूं आलें पाहिजे," असं म्हणाले. तुम्ही कुरकुरलात. "देव नाहीं तर डोळे कोठें उघडूं? संपलें हें कळावें कसें?" तरी त्याच दुपारी तुम्ही पुठ्ठ्याचा चौकोन कापून बसलात. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे ठोके उमटतात तसे गोल, एकात एक, तुम्ही आखलेत. मी तुम्हांला असं मन लावून काही आखताना कितीतरी दिवसांनी बघत होते. त्या दिवशी कॉफी थंड झाली तरी तुम्ही डवऱ्याला हात लावला नाहीत.

आता ती गोष्ट. त्या महिन्यांत तुमचं थोडं इकडचं तिकडे व्हायला लागलं होतं. वर्खाची पुडी पानाच्या डब्यात सापडली. एकदा मला आईच्या नावानं हाक मारलीत आणि मी ओ दिली, कारण काय करणार? त्या दुपारी तुम्ही लेप कालवायला घेतलात. डिंकाच्या बोळक्यातून थोडं ओतलंत, मग बाहेर कुणीतरी हाक मारली, बोलून परत आलात, आणि उरलेलं ओतलंत ते ब्रश धुण्याच्या बोळक्यातून. मी समोर बसले होते. मला दिसलं. बोटांत चोळून बघायचंही तुम्ही विसरलात. मी बोलले नाही. तुम्हांला चूक दाखवायची आपल्या घरात पद्धत नव्हती, हे एक. आणि मी बोलले असते तर तुम्ही माझ्याकडे कसं बघितलं असतं, ती नजर मला सोसणारी नव्हती. तुम्ही सगळा पुठ्ठा भरलात, सुंदर, एकही गोल वाकडा नाही, आणि उन्हात ठेवलात.

दुसऱ्या सकाळी मामा आले तेव्हाच तुम्ही तो आत आणला. सगळा तडकला होता. डिंक अगदीच नव्हता असं नाही, म्हणून त्याची पूड झाली नाही, पण प्रत्येक गोल फुटून बारीक बारीक तुकड्यांत उभा राहिला होता, तळं आटल्यावर तळाचा चिखल उभा राहतो तसा. तुमचा चेहरा पांढरा पडला. पन्नास वर्षांत तुमच्या कामाला तडा गेला नव्हता. तुम्ही बोळक्यांकडे बघितलंत, आपल्या हातांकडे बघितलंत, आणि मला दिसलं की तुम्ही आठवायचा प्रयत्न करताय आणि आठवत नाहीये. तुम्ही घाबरला होतात, अप्पा. तुम्हांला घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आईला नेलं त्या दिवशीही नाही. मग तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "लेप कोणें कालवला?"

मी म्हणाले, "म्यां."

एवढंच. आपल्या भाषेतला तो एक शब्द. तुमच्या जिवात जीव आला, तो येताना मी पाहिला. आणि मग तुम्ही जे तोंड सोडलंत! "डिंक म्हणजे काय कावेरीचें पाणी आहे, हवें तसें ओतावयास? इतकीं वर्षें समोर बसून काय शिकलीस? तुझ्यापेक्षां दारची गाय बरी!" मी खाली मान घालून ऐकत होते आणि आतून मला बरं वाटत होतं, खरं सांगते. तुमचा आवाज पूर्वीसारखा लागला होता. पण मामांनी मध्येच हात वर केला. त्यांनी डोळे मिटले होते आणि बोटं त्या फुटलेल्या गोलांवरून फिरत होती. "थांबा हो. हेंच. सुपारी अशीच फुटती. मजला अशींच चाळीस पाहिजेत."

तिथंच मी सांगायला हवं होतं. मामा विचारत होते, मागच्या बाजूला चित्रकाराचं नाव कुणाचं घालू? तुम्ही पुठ्ठ्याकडे एकदा बघितलंत. मग ताठ होऊन म्हणालात, "तिचें घाला. माझ्या हातून तडा कधीं जाहला नाहीं." अभिमानानं म्हणालात. ते मोडून मी खरं कसं सांगणार होते? असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. पण अप्पा, दुसरंही होतं. मामा माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते तशा नजरेनं मला कुणी बघितलं नव्हतं. मी तेवीस वर्षांची, दागिन्यांवर ठिपके चढवणारी मुलगी. ते मला सोडवलं नाही. तुमच्यासाठी बोललेलं खोटं अर्ध्या घटकेत माझ्यासाठीचं होऊन गेलं.

पुढचे एकोणचाळीस पुठ्ठे मी केले, हे मात्र खरं. डिंक किती, पाणी किती, ऊन किती वेळ, हे शोधायला मला आठ दिवस लागले. फुटल्यावर वरून पातळ डिंक फिरवायचा म्हणजे तुकडे धरून राहतात, हे माझं. तुम्ही तोंड फिरवून आपल्या कृष्णापाशी बसायचात. आपण एका खोलीत असायचो आणि दिवसभरात "जेवलीस?" एवढाच शब्द व्हायचा. फक्त कडा चिकटवण्याचं काम तुम्ही आपणहून घेतलंत, कापडाची पट्टी आणि चिंचोक्याची खळ, कारण माझ्या कडा वाकड्या येतात म्हणून. चाळीसही तुमच्या हातांनी मिटले. पहिला, तो तुमचा, मामांनी घरी ठेवायला दिला, आत तबकडी घालून. वाजवायला आपल्याकडे काही नव्हतंच.

आणि एक दुपार. खूप नंतरची, तुम्ही बहुतेक सगळंच विसरला होतात तेव्हाची. तुम्ही ते पहिलं कव्हर मांडीवर घेऊन बसला होतात. बोट फिरवत म्हणालात, "फार छान फुटलें आहे. कसें केलेंस गे?" मी तुमच्यासमोर बसले आणि तुम्हांला शिकवलं. डिंक इतका, पाणी इतकं, बोटात तार येता कामा नये. तुमचीच चूक तुम्हांला माझी विद्या म्हणून शिकवली, आणि तुम्ही शाळेत बसल्यासारखी मान हलवत ऐकत होतात. शेवटी पटल्यासारखं "सरि, सरि" म्हणालात. त्यानंतर मी आत जाऊन भांडी घासली. घासून झालेलीच पुन्हा घासली.

त्या फुटक्या लेपावरच मी जगले, अप्पा. इथं आल्यावरही. कुणी विचित्र वाजवणारा भेटला की कव्हरासाठी माझ्याकडे यायचा. लोक म्हणायचे, तुमचे तडे बोलतात. लग्न केलं नाही, माणसं जोडली नाहीत, कुणी फार जवळ आलं की वाटायचं आता हा विचारेल, हे पहिल्यांदा सुचलं कसं? आणि विचारायचेच. मी सांगायची, चुकून झालं, लेप कालवताना डिंक कमी पडला. शब्द खरे. फक्त कुणाच्या हातून, ते कुणी विचारत नाही, मी सांगत नाही.

गेल्या गुरुवारी एक बाई आली, पस्तिशीची असेल, यंत्रांवर काहीतरी आवाज करते. मामांच्या तबकडीचं तिनं कुठंतरी वाचलं होतं. मी ते पहिलं कव्हर काढून दिलं. यंदाच्या उन्हाळ्यात तुमची खळ सुकून एका बाजूची कड सुटली होती. तिनं ती जरा फाकवून आत बघितलं आणि ओरडली, "आजी, आत डोळे आहेत!" मी चष्मा लावला, खिडकीपाशी गेले. होते. तळाच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढ्या जागेत, दोन डोळे. खालची रेघ एका दमात ओढलेली, डावा किंचित मोठा, तुमच्या प्रत्येक कृष्णाचा असायचा तसा. तुमचे. चाळीस वर्षं ते माझ्या कपाटात उघडे होते आणि मी एकदाही आत बघितलं नव्हतं. कव्हराच्या आत कोण बघतं?

तेव्हापासून मला एकच विचारायचं आहे. बाकीच्या एकोणचाळीसांतही काढलेत का? सगळ्यांत असतील तर मी समजेन की लेकीची चित्रं आंधळी राहू नयेत म्हणून काढलेत. या एकातच असतील, तर तुम्हांला ठाऊक होतं, लेप कुणी कालवला ते. ज्याचं चित्र त्यानंच उघडायचे. ठाऊक असूनही तुम्ही माझं नाव घातलंत, आणि त्या दुपारी माझ्यासमोर शिकायला बसलात. ते एकोणचाळीस कुठं कुठं गेले, आता कुणाला विचारू? मामाही नाहीत.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं. त्या बाईनं डोळ्यांचा फोटो काढला, माझ्याकडे बघून हसली आणि विचारलं, "हे पण तुम्हीच काढलेत?" आणि इतक्या वर्षांत इथं कधी तोंडातून न निघालेला आपला शब्द निघाला. मी म्हणाले, "म्यां."

तिला कळलं नाही. "काय?" म्हणाली. मी परत सांगितलं, तिला कळेल असं.

"मी. मीच काढले."